हॅगिस खरोखर चवीचे अन्न आहे, की बर्न्सच्या कवितेने मोठे केलेले?

धागालेखक: मेंढीचे हृदय, यकृत आणि फुफ्फुसे शिजवून बारीक करायची, त्यांत कांदा, ओटचा जाडसर भरडा, चरबी, मीठ आणि सढळ हाताने मिरी घालून ते जठराच्या पिशवीत भरून उकडायचे, हे हॅगिस या स्कॉटिश पदार्थाचे वर्णन ऐकूनच अनेक जण नाक मुरडतात. माझ्या लेखी मात्र हे गरिबांचे चवदार अन्न आहे. माझ्या मते त्याची सारी करामत ओटमध्ये आहे, कारण यकृताचा उग्रपणा आणि चरबीचा तुपटपणा भरडा शोषून घेतो व सारण मोकळे, दाणेदार राहते. सोबत कुस्करलेले पिवळे सलगम आणि बटाटे असले की मिरीचा तिखटपणा नेमका तोलला जातो.

प्रतिसाद १: चवीबद्दल वाद नाही, पण याला ‘गरिबांचे अन्न’ म्हणणे मला पटत नाही. स्कॉटिश शेतमजुराचे रोजचे जेवण म्हणजे ओटची लापशी, बार्ली आणि केल या कोबीवर्गीय पाल्याची भाजी. मांस क्वचितच मिळे. शिवाय हॅगिसची कृती पंधराव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतींतही सापडते. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1786 मध्ये त्यावर कविता केली नसती, तर दर 25 जानेवारीला, बर्न्सच्या जयंतीला, हॅगिसचा एवढा मान झाला असता का?

धागालेखक: मांस क्वचित मिळे, म्हणूनच तर त्यातले काही वाया घालवणे परवडत नसे. आतडी-फुफ्फुसे सर्वांत आधी नासतात, त्यामुळे जनावर कापले की ती लगेच शिजवावी लागत. इंग्लंडमध्ये हा पदार्थ मागे पडला. थंड, ओलसर हवेत गव्हापेक्षा ओट बरे येणाऱ्या स्कॉटलंडमध्ये मात्र तो टिकला. कवितेने त्याला कीर्ती दिली, पण पोट काही कवितेने भरत नाही.

प्रतिसाद २: वजडी आवडीने खाणाऱ्या मला फुफ्फुसांचे वावडे नाही, पण अमेरिकेने 1971 पासून अन्नात फुफ्फुसे वापरायला बंदी घातली आहे, आणि आता डाळी-कडधान्यांचे शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळते. मग मूळचे असे उरले काय?

धागालेखक: ओट, कांदा आणि मिरी उरतात, आणि तेवढ्यावर शाकाहारी हॅगिसही चांगले लागते. फुफ्फुसे वगळली की मात्र सारणाचा हलकेपणा जातो व ते घट्ट होते, म्हणून ती बंदी मला अन्यायाची वाटते.