मदत हवी आहे: फोटोतलं मिग-२१ 'एफएल' की 'एम'?

नमस्कार मंडळी,

बाबा नाशिकजवळच्या ओझरच्या मिग विमान कारखान्यात फिटर होते. त्यांच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो सापडला. मागे तारीख नाही, शेपटावरचा नंबर पुसलेला. बाबा असते तर एका नजरेत सांगितलं असतं.

'एफएल' आणि 'एम' या मिग-२१ च्या दोन प्रकारांपैकी माझा अंदाज एफएलचा, कारण दिसणाऱ्या पंखाखाली एकच पायलन (शस्त्रं टांगायचा आधार) आहे. 'एम'ला प्रत्येक पंखाखाली दोन असतात ना? पण पोटाखाली लांबट पेटीसारखं काहीतरी टांगलंय. एफएलला आत तोफ नव्हती, फक्त के-१३ क्षेपणास्त्रांवर भागेना, म्हणून २३ मिमीची गनपॉड (तोफ बसवलेली पेटी) खाली लावत. ती हीच का? की साधी इंधनाची टाकी? मला टाकी वाटत नाही, पुढचं टोक चपटं आहे.

हे सगळं गणपतीच्या आराशीसाठी चाललंय. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ नी रॉकेटं डागली, तो देखावा करायचाय. लेक १/७२ चं मॉडेल घेऊन बसलाय (डिंक माझ्या चष्म्यालाही लागला). तेव्हाची विमानं उघड्या ॲल्युमिनियमची रंगवू की हिरवी-करडी? त्या हल्ल्यातल्या २८ स्क्वाड्रनचं त्या दिवसांतलं छायाचित्र कुणी पाहिलंय का? रॉकेटं ५७ मिमीचीच होती, एवढं माहीत आहे.

फोटो स्कॅन करून खाली टाकतोय. हवाई दलात किंवा ओझरला काम केलेलं कुणी असेल तर जरूर सांगा. रंग शनिवारी आणायचाय.