मदत हवी आहे: फ्रेंच शिकताना घरची प्रार्थना, मुलं आणि रविवारची उपासना

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडा लांबेल.

आम्ही नगरचे. मी नर्स आहे, शिक्षण मिरजेला झालं. नवरा भूलतज्ज्ञ. पश्चिम आफ्रिकेत, उत्तर बेनिनमधल्या एका मिशन रुग्णालयात काम करायला आमच्या मंडळीने (म्हणजे चर्चने) आम्हाला पाठवलं आहे. बेनिनमध्ये केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, सरकारी कागद सगळं फ्रेंचमध्ये चालतं. पेशंटशी बोलायला पुढे बारीबा शिकावी लागेल, ती वेगळीच. म्हणून आधी वर्षभर फ्रान्समध्ये राहून फ्रेंच शिकायचं ठरलं. सध्या आल्प्सच्या पायथ्याशी, साव्वा भागात आल्बेरव्हीलला आहोत. 1992 चं हिवाळी ऑलिंपिक झालं तेच हे गाव. वर्गात कोरियन, ब्राझिलियन, अमेरिकन कुटुंबं आहेत, बहुतेक सगळे पुढे आफ्रिकेत जाणारे.

भाषेची अडचण येणार हे ठाऊक होतं, तयारीही होती. पण ती प्रार्थनेपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. माझी सगळी श्रद्धा मराठीत वाढली. शब्बाथशाळेतली पाठ वचनं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, आईची पहाटेची प्रार्थना, सगळं मराठीत. इथे रविवारी दीड तास उपासनेत बसते आणि उपदेशातली ओळखीची नावं तेवढी कानावर पडतात: मोशे, याकोब, पेत्र. बाकीचं वरून निघून जातं. प्रभुभोजनाला मात्र भाषा लागत नाही, तेवढा वेळ मी पूर्ण तिथे असते.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. गोलात खुर्च्या, एकामागून एक जण मोठ्याने प्रार्थना करतो. परवा माझ्या शेजारच्या आजींनी त्यांच्या आजारी भावासाठी प्रार्थना केली. मी अशी कित्येक माणसं वॉर्डात सांभाळली आहेत, काय मागायचं ते मला नेमकं माहीत होतं. तोंडातून 'मेर्सी सेन्योर' (धन्यवाद, प्रभू) एवढंच निघालं, मग गप्प. मिरजेत रात्रपाळीला पेशंटच्या उशाशी उभी राहून मी नि:संकोच प्रार्थना करायचे. आता माझ्याकडे तीन वर्षांच्या पोराइतके शब्द आहेत, आणि हे मनाला फार लागतं.

मुलांचं उलट. मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. सरकारी शाळेत जातात आणि भराभर फ्रेंच बोलतात. रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी नगरहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर असतात. धाकटा डोळे मिटतो आणि सुरुवातीपासून आमेनपर्यंत फ्रेंचमध्ये बोलतो. सासूबाई शेवटी आमेन म्हणतात, पण नातू देवाशी काय बोलला ते त्यांना कळत नाही. त्या काही बोलत नाहीत. मला मात्र त्यांचा चेहरा बघवत नाही.

तर विचारायचं असं. माझ्या पातळीला (ए-दोन, म्हणजे सुरुवातीची दुसरी पायरी, तेही अडखळत) वाचता येईल असं फ्रेंच बायबल कोणतं? इथल्या मंडळीत बहुतेकांकडे लुई सगोंचं भाषांतर आहे, ते मला जड जातं. घरची प्रार्थना मराठीत ठेवायचा आग्रह मुलांना धरावा का? रविवारी सकाळी नगरच्या मंडळीची उपासना ऑनलाइन बघून मग इथे जावं, की त्याने फ्रेंच मागे पडेल? आणि ज्या मंडळीने आम्हाला पाठवलं तिला दरमहा पत्र लिहायचं असतं. तिकडची माणसं आपल्या पगारातून आमच्यासाठी पैसे बाजूला काढतात. त्यांना काय लिहू? या महिन्यात सब्जाँक्तिफ (फ्रेंच क्रियापदांचं एक अवघड रूप) शिकलो, असं?

आणखी एक. मोठीच्या गळ्यात आजीने दिलेला बारीक चांदीचा क्रूस असतो. शाळेत चालतो का?

ख्रिस्ती असा वा नसा, परमुलखात भाषेवाचून अडलेल्या कुणाचाही अनुभव मला उपयोगी पडेल. धर्मप्रसार योग्य की अयोग्य या चर्चेसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

रोनकाठ

ताई, मी बारा-तेरा वर्षं लिओंमध्ये आहे. ख्रिस्ती नाही, पण फ्रेंच शिकवते, म्हणून बायबलबद्दल सांगू शकते. सगोंची 1910 ची आवृत्ती जड वाटते ते साहजिक आहे. तिच्यातल्या कथनाचा भूतकाळ म्हणजे पासे सँप्ल. तो बोलण्यात जवळजवळ वापरत नाहीत आणि वर्गात उशिरा शिकवतात. त्यामुळे तुम्हाला शब्द येत असला तरी क्रियापद ओळखू येत नाही. 'पारोल द व्ही' नावाचं भाषांतर घ्या. ते 2000 साली पूर्ण आलं, मोजक्या सोप्या शब्दांत आहे आणि ज्यांची मातृभाषा फ्रेंच नाही अशा वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, वाक्यं आखूड आहेत. रविवारी वाचायचा उतारा पाळकांकडून शुक्रवारीच मागून घ्या. आधी मराठीत, मग पारोल द व्हीत, मग सगोंत वाचून जा. उपदेश निम्मा तरी हाती लागेल. पुढे आफ्रिकेत सगोंच जास्त भेटेल, म्हणून ते सोडू नका, तिसरं ठेवा.

क्रूसाचं: 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत विद्यार्थ्यांना ठळक दिसणारी धर्मचिन्हं घालता येत नाहीत. मोठा क्रूस, हिजाब, किप्पा (ज्यूंची टोपी) त्यात येतात. बारीक साखळीतला छोटा क्रूस चालतो. वर्गशिक्षिकेशी आधीच एकदा बोलून घ्या, म्हणजे पोरीला कुणी अवघड प्रश्न विचारणार नाही.

सुलूमावशी

बाळ, सलाम. माझे यजमान पाळक होते, आमची निम्मी हयात नगर जिल्ह्यात गेली, म्हणून हक्काने लिहिते.

पत्रात सब्जाँक्तिफच लिही. खरंच लिही. तू आता जे भोगते आहेस ते आपल्या मंडळीसाठी कुणीतरी आधी भोगलं आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती. पंडितांपुढे बसून ते शिकले. त्यांचंच अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 मध्ये. परक्या माणसांनी आपली भाषा मान खाली घालून शिकली, म्हणून आपल्या पणजोबांना शुभवर्तमान मराठीत ऐकू आलं. लोकांना हे आठवून दे आणि सांग, आता आपली पाळी आहे. पैसे देणारी माणसं आकडे मागतात असं तुला वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. आजींच्या भावाची गोष्ट आत्ता जशी लिहिलीस तशीच पत्रात लिही, त्या माणसासाठी नगरला प्रार्थना होईल. तुझी फ्रेंच जिथे थांबली तिथून मंडळी पुढे नेईल.

आणि रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाच, सव्विसावं वचन. काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांवाचून. तुझं 'मेर्सी सेन्योर' तिथे पोचलं आहे. पुढच्या बुधवारी दोनच वाक्यं फ्रेंचमध्ये म्हण आणि उरलेली प्रार्थना त्याच गोलात मराठीत मोठ्याने कर. कुणी हरकत घेणार नाही.

चारचौघी

माझं मत जरा वेगळं. मुलांवर मराठीचा आग्रह धरू नये. प्रार्थना जबरदस्तीची झाली की पोरं तीच टाळायला लागतात. आमच्या घरी जर्मनीत शुभंकरोतीचं हेच झालं.

पोर्टलुईकर

मी मॉरिशसचा मराठी. मराठी लिहिताना चुका होतील, माफ करा. आमच्या घरी क्रेओल, पेपर फ्रेंचमध्ये. आजीनंतर घरात मराठी बोलणारं कुणी राहिलं नाही. पण गणपतीत आरती मराठीतच होते. इथे त्या दिवशी देशभर सुट्टी असते. मला आरत्या पाठ आहेत, अर्थ मोठेपणी वर्गात जाऊन शिकलो. पाठ होतं म्हणूनच शिकावंसं वाटलं. त्यामुळे मुलाची स्वतःची प्रार्थना फ्रेंचमध्ये राहू दे, पण काहीतरी एक ठरावीक रोज मराठीत पाठ म्हणायला लावा. ते आयुष्यभर राहतं.

रोनकाठ

पोर्टलुईकर यांच्याशी सहमत. त्यात एक भर घालते: धाकट्याने फ्रेंचमध्ये प्रार्थना केली की मोठीला ती आजीसाठी मराठीत सांगायला सांगा. पोरीची मराठी टिकेल आणि आजीला नातवाचं मन कळेल.

मोंपेलिए_मी

ताई, सुट्टीत दक्षिणेकडे येणं जमलं तर सेव्हेन डोंगरांत मियाले इथलं म्यूझे द्यू देझेर नक्की बघा. प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारा नांतचा फतवा 1685 मध्ये चौदाव्या लुईने रद्द केला. प्रोटेस्टंटांची देवळं पाडली, पाळकांना देश सोडायला लावला. त्यानंतर शंभरेक वर्षं इथल्या प्रोटेस्टंटांची उपासना रानात आणि घराच्या माजघरात चालली. पाळक नसायचे, बायका मुलांना बायबल वाचून दाखवायच्या. लपवायला सोपी, लहान आकाराची बायबलं तिथे ठेवली आहेत. तिथून दक्षिणेला एग-मोर्त गावात कोंस्तांसचा बुरूज आहे. मारी द्युराँ नावाची बाई तिथे 1730 ते 1768 कैदेत होती. श्रद्धा सोडते एवढं म्हटलं असतं तर सुटली असती. तुम्ही ज्या मंडळीत बसता तिच्या मागे हा इतिहास आहे. तिथले लोक घरच्या प्रार्थनेला एवढं का जपतात ते मला तिथे जाऊन आल्यावर समजलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, सलाम. तुमचं उत्तर यांना वाचून दाखवलं, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. या महिन्याचं पत्र आज रात्री लिहायला घेते, हॉल आणि नॉट त्यात येतील.

चारचौघी, तुमचा मुद्दा पटतो, पण पूर्ण सोडून द्यायला मन तयार नाही. प्रभूची प्रार्थना आणि तेविसावं स्तोत्र मराठीत पाठ, बाकी ज्याची त्याने हवी त्या भाषेत, असं ठरवतो आहोत. मोठीने भावाची प्रार्थना आजीला मराठीत सांगायची कल्पना तिला स्वतःलाच आवडली. काल पहिल्यांदा केली. 'व्हाकाँस'ला मराठी शब्द आठवेना तेव्हा आजीच म्हणाल्या, 'सुट्टी गं, सुट्टी.'

रोनकाठ, पारोल द व्ही मागवलं आहे. शिक्षिकेशी सोमवारी बोलते.

नगरच्या ऑनलाइन उपासनेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. इथली उपासना दहाला सुरू होते, तेव्हा हिवाळ्यात तिकडे अडीच वाजलेले असतात, म्हणजे वेळ आड येत नाही. पण दोन्ही केल्या की इथल्या उपासनेत मी थकून बसते आणि कान देऊन ऐकायची ताकद उरत नाही. ज्यांनी दोन भाषांच्या दोन मंडळ्या एकाच वेळी सांभाळल्या आहेत त्यांनी कसं जमवलं, ते कृपया लिहा. विशेषतः आखातात किंवा इस्रायलमध्ये असलेले मराठी ख्रिस्ती कुणी इथे असतील तर.