बाहियाच्या सभासदांनी आपलाच क्लब विकला. बरोबर केलं का?

कोपऱ्यावरचा रेफ्री

ब्राझीलच्या ईशान्येला साल्वादोर शहर आहे. तिथला एस्पोर्ते क्लुबे बाहिया, निळा-लाल-पांढरा. डिसेंबर 2022 मध्ये सभासदांनी मतदान केलं आणि फुटबॉल कंपनीचा 90 टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीच्या अबूधाबीवाल्या मालकांना, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपला, द्यायला मंजुरी दिली. बाजूने 98 टक्क्यांहून जास्त मतं. मला हे अजून पचलेलं नाही.

कारण याच लोकांनी जेमतेम नऊ वर्षांपूर्वी हा क्लब भांडून मिळवला होता. 2013 ची गोष्ट. आधी बाप अध्यक्ष, पुढे काही वर्षांनी मुलगा अध्यक्ष, अशी वतनदारी चाललेली. सामान्य प्रेक्षकाला मताचा अधिकार जवळपास नव्हताच. एप्रिलमध्ये नव्या फोंते नोवा स्टेडियमचं उद्घाटन झालं आणि पहिल्याच सामन्यात गावातल्याच व्हितोरियाने 5-1 ने धुतलं. त्याच महिन्यात पुन्हा व्हितोरियाशी गाठ पडली. त्या दिवशी प्रेक्षकांना काशिरोला वाटले होते. हा प्लास्टिकचा खुळखुळा, संगीतकार कार्लिन्योस ब्राउनने 2014 च्या विश्वचषकासाठी बनवलेला. वाजवण्यासाठी दिलेले खुळखुळे चिडलेल्या लोकांनी मैदानात भिरकावले. हिरवळीवर खुळखुळ्यांचा सडा! पुढे विश्वचषकात ते न्यायलाच बंदी आली.

मे महिन्यात व्हितोरियाकडूनच 7-3. मग लोक पेटले, कोर्टाने अध्यक्षांना बाजूला केलं, नवी घटना झाली आणि सभासदांनी पहिल्यांदा थेट मतदानाने अध्यक्ष निवडला. कसेल त्याची जमीन, तसा ओरडेल त्याचा क्लब. आणि नऊ वर्षांत सातबारा अबूधाबीच्या नावावर?

वेताळपेठ

रेफ्री, तुमचाच दाखला घेतो. कुळाच्या नावावर जमीन झाली आणि पुढे त्याने ती विकली, तर कुळकायदा चुकला का? हक्क मिळाला त्यातच विकायचा हक्क आला. 2013 नसतं तर हा सौदा त्या बापलेकांनी बंद खोलीत केला असता. इथे आकडे समोर ठेवून मतदान झालं: 15 वर्षांत 1 अब्ज रेयाल, त्यातले 50 कोटी खेळाडूंवर, 30 कोटी कर्जफेडीला. लोकांनी शुद्धीवर राहून सही केली.

आणि लोकशाहीचं एवढं कौतुक असेल तर 2021 पण सांगा ना. लोकनियुक्त अध्यक्ष असतानाच क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला.

दुपारची झोप

वेताळपेठ यांच्याशी सहमत. पण खरी भीती समजायची तर 2007 आठवायला हवं. क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. तरी घरच्या सामन्यांना सरासरी 40 हजारांच्या आसपास गर्दी, पहिल्या श्रेणीतल्या क्लबांनाही हेवा वाटावा अशी. 25 नोव्हेंबरला व्हिला नोव्हाशी सामना, बरोबरी पुरेशी होती. वरच्या मजल्यावर लोक नाचत होते, पायाखालची काँक्रीटची पायरी तुटली आणि त्या भोकातून माणसं थेट खाली. सात जण गेले. बऱ्याच जणांना कळलंच नाही. सामना 0-0 संपला, वरची श्रेणी मिळाली म्हणून लोक मैदानात उतरून नाचले. बाहेर प्रेतं होती.

स्टेडियम राज्य सरकारचं होतं, 1951 चं. 2010 मध्ये ते स्फोटकांनी पाडलं. क्लबच्या गरिबीने पायरी तुटली असं मी म्हणत नाही. पण ते दशक जगलेल्या माणसाला "आपला क्लब, आपली मालकी" हे शब्द विकत घ्यायला सांगू नका. त्याला निदान पुन्हा तिथे जायचं नाहीये.

मडगावकर

आमच्या गोव्यात सभासदांचा क्लब ही चैन मोठ्या क्लबांना कधी परवडलीच नाही. धेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स, सगळे एकेका घराण्याचे. 2016 मध्ये धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग गोवा आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. प्रेक्षकाला कोण विचारतो? बाहियावाल्यांना निदान 10 टक्के उरलेत. ब्राझीलच्या 2021 च्या कायद्यामुळे नाव, रंग, चिन्ह आणि शहर बदलायला मूळ क्लबची परवानगी लागते.

अवांतर: ज्या व्हितोरियाचा उल्लेख आला तो 1899 मध्ये क्रिकेट क्लब म्हणून सुरू झाला होता. विकेट पडली, गोल वाढले.

कोपऱ्यावरचा रेफ्री

@मडगावकर, रंग बदलता येणार नाही, कबूल. पण क्लब म्हणजे रंग नव्हे. या क्लबने स्वतःचा ब्रँड काढून जर्सी शिवल्या होत्या. 2019 मध्ये ईशान्येच्या किनाऱ्यावर तेलाचे तवंग आले तेव्हा संघ तेलाचे डाग छापलेली जर्सी घालून खेळला. आता अंगावर प्यूमा आहे. मालकाचं उत्पन्नच तेलावर उभं असताना तशी जर्सी पुन्हा दिसेल?

वेताळपेठ

हा मात्र चांगला टोला होता. पण जर्सीने गोल होत नाहीत. 2023 मध्ये शेवटच्या दिवशी अत्लेतिको मिनेइरोला 4-1 हरवून घसरणीतून कसाबसा वाचलेला संघ 2024 ला आठवा आला आणि 1989 नंतर पहिल्यांदा लिबेर्तादोरेसमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत, गेला. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला एव्हर्तों रिबेइरोसारखा खेळाडू साल्वादोरला येतो, हे दहा वर्षांपूर्वी कुणी हसण्यावारी नेलं असतं.

नातवाचा आजा

तुम्ही दोघंही 2005 नंतरचंच बोलताय. हा क्लब सिटीने मोठा केलेला नाही. 1931 च्या 1 जानेवारीला जन्म. शहरातल्या दोन उच्चभ्रू क्लबांनी फुटबॉल बंद केला, तेव्हा उघड्यावर पडलेल्या खेळाडूंनी काढलेला. ब्रीद होतं "जिंकायलाच जन्मलेला". 1959 च्या पहिल्या तासा ब्राझीलच्या, म्हणजे राष्ट्रीय चषकाच्या, अंतिम फेरीत समोर पेलेचा सांतोस. त्यांच्या घरी 3-2 जिंकले, आपल्या घरी 0-2 हरले, आणि तिसरा सामना माराकानात मार्च 1960 मध्ये 3-1 ने मारला. त्या तिसऱ्यात पेले नव्हता, हे खरं. पण पहिल्यात होता की! लिबेर्तादोरेस खेळणारा ब्राझीलचा पहिला क्लब हाच. 1988 चं राष्ट्रीय विजेतेपदही याचंच: समोर इंटरनासिओनाल, घरी बोबोचे दोन गोल, मग त्यांच्या पोर्तो आलेग्रेला 0-0.

आणि माझा आवडता किस्सा. नोव्हेंबर 1969, फोंते नोवा. पेलेला हजारावा गोल हवाय. तो गोलकीपरला चुकवतो, चेंडू जाळ्याकडे, आणि बाहियाचा बचावपटू निल्दो रेषेवरून तो काढतो. घरचंच स्टेडियम, घरचाच खेळाडू, आणि लोकांनी त्यालाच शिट्या मारल्या! तीन दिवसांनी पेलेने तो गोल माराकानात केला. साल्वादोरची इतिहासातली जागा बिचाऱ्या निल्दोने पुसली. आता सांगा, ओरडणाऱ्यांना काय हवं असतं ते त्यांना तरी ठाऊक असतं का? 98 टक्क्यांचं मला म्हणूनच कौतुकही नाही नि आश्चर्यही नाही.

दुपारची झोप

आजोबा, एकदम कडक.

कोपऱ्यावरचा रेफ्री

किस्सा झकास, पण तो माझ्याच बाजूचा आहे. निल्दो त्या संध्याकाळी बाहियासाठी खेळला, पाहुण्यासाठी नाही. शिट्या सोसून.

आणि मुंबईचं कुणीच काढलं नाही म्हणून मीच काढतो. याच ग्रुपने 2019 मध्ये मुंबई सिटीचे 65 टक्के घेतले. संघाने लीग जिंकली, अंधेरीला आम्ही घसा फोडला. 2025 च्या डिसेंबरात आयएसएलचं (इंडियन सुपर लीगचं) भवितव्य अधांतरी म्हणून ग्रुपने हिस्सा सोडला. व्यवसाय म्हणून समजू शकतो. आमचं मत कुणी विचारलं नाही, कारण आमचं मत नव्हतंच.

वेताळपेठ

म्हणजे बाहियाच्या 10 टक्क्यांना किंमत आहे, असंच म्हणताय ना?

कोपऱ्यावरचा रेफ्री

आहे. 90 ला जास्त होती.