मदत हवी आहे : 'शेव्हलिंग' या जुन्या शिवीला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी एकांकिकेचा अनुवाद करतेय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. काळ आठव्या हेन्रीचा, १५३६ ते १५४० मध्ये इंग्लंडातले मठ बंद पाडले तेव्हाचा. एक लोहार मठाबाहेर काढलेल्या संन्याशाला 'शेव्हलिंग' म्हणून हिणवतो.

अर्थ लागलाय. शेव्ह म्हणजे भादरणं. पुढचा 'लिंग' हा 'अंडरलिंग', 'हायरलिंग'मधला, माणसाला क्षुद्र करून टाकणारा प्रत्यय. कॅथलिक संन्यासी आणि पाद्री टाळू भादरून भोवती केसांचं कडं ठेवत, त्यावरून ही शिवी. प्रॉटेस्टंटांची विशेष लाडकी.

'मुंड्या' लावून पाहिला, सपक वाटला. 'बोडका' म्हटलं की आपल्याकडची बोडकी विधवा डोळ्यांपुढे येते. 'भटुरड्या'तली तुच्छता अगदी हवी तशी, पण त्याच्यासोबत शेंडी-जानवंही येतं. 'टकल्या' म्हणजे शाळेतलं चिडवणं. मूळ शब्दच ठेवला तर प्रेक्षकांना शिवलिंग ऐकू येणार!

शब्द रंगमंचावर बोलायचाय, म्हणजे तळटीप नाही. दोन-तीन अक्षरांत बसणारा, भात्यापाशी घामाघूम उभ्या माणसाच्या तोंडी शोभणारा हवा. नवा घडवलेला असला तरी हरकत नाही, फक्त पहिल्याच फटक्यात कळला पाहिजे. वसई किंवा गोव्याकडच्या बोलीत पाद्र्यांना हिणवायचा असा, डोक्यावरून पडलेला, एखादा जुना शब्द आहे का?