फोटो टाकला, पुढे काय झालं? (इन्स्टावर धंदा मांडलेल्यांनी लिहा)

रवा_बेसन
सकाळी फोनने आपणहून एक फोटो समोर आणला, ‘११ वर्षांपूर्वी’ म्हणून. २०१४ ची दिवाळी. निळी फुलाफुलांची चादर, तिच्यावर पेपर, पेपरवर चकल्या. तेलाने कागद असा पारदर्शक झालाय की मागच्या पानावरच्या छोट्या जाहिराती वाचता येतायत. माझ्या धंद्याचा इन्स्टावरचा हा पहिला फोटो! वर पिवळा फिल्टर मारलेला, चकल्या हळदीला बसल्यासारख्या. तेव्हा तिथे फोटो चौकोनीच बसायचा, त्यात कडेची चकली अर्धी कापली गेली. भाचीने लगेच खाली लिहिलं, "मामी, एक कोणीतरी खाल्लीये."

लाइक सतरा, त्यातले अकरा माहेरचे. ऑर्डर एक. ती कोणाची, तर आमच्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. रोज जिन्यात भेटायच्या. मी फराळ करून देते हे त्यांना फोटोतून कळलं. मी कधी बोललेच नव्हते ना! लाज वाटायची. फोटोला लाज वाटत नाही.

पुढे शहाणपण आलं. ट्यूबलाइटखाली चकली हिरवट दिसते, म्हणून सकाळी आठ-नऊला स्वयंपाकघराच्या खिडकीशी काढायला लागले. एक चकली मोडून आतली नळी दाखवली की लोकांना खुसखुशीत आहे हे पटतं, वेगळं लिहावं लागत नाही. तुमचं काय काय झालं, सांगा. मी भाजणी दळायला टाकून येते.

आढीवाला
आमचा माल फोटोला वाईट. म्हणजे उलट, फोटोत फार चांगला. हापूस पेटीत भरतो तेव्हा हिरवा असतो, गवतात पिकतो. फोटो टाकला पिकलेल्याचा, केशरी. गिऱ्हाईकाने पेटी उघडली आणि फोन, "तुम्ही कैऱ्या पाठवल्यात." एका सीझनला असे दहा-बारा फोन. शेवटी वडील आढीत आंबे उलटेपालटे करतात त्याचं वीस सेकंदांचं शूटिंग केलं. वडील गंजीफ्रॉकात, मागे म्हस ओरडतेय. बायको म्हणाली हे टाकू नका. टाकलं. फोन थांबले, वर नवीन ऑर्डरी आल्या. लोक अजून विचारतात बाबा बरे आहेत ना.

२०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय (माल त्याच भागातला असल्याचं सरकारी मानांकन) मिळालं, ते फोटोखाली लिहिलं होतं. एकाने विचारलं, "जीआय म्हणजे डझन किती?"

चहाटळ
सगळ्यात मोठा छळ म्हणजे ‘पीपी’. प्राइस प्लीज. फोटोवरच भाव लिहिलाय, खाली लिहिलाय, तरी पीपी.

सुईदोरा
@चहाटळ आणि भाव सांगितला की ‘ओके’. त्या ओकेनंतर माणूस परत कधी दिसत नाही.

चहाटळ
ओके म्हणजे राम राम!

काठपदर
४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र कोणाकोणाला आठवतेय? गुरुवारी ७ ला घटस्थापना. नऊ रंगांच्या साड्या आणून ठेवलेल्या, सगळे उधारीवर उचललेले. दिवसभर गॅलरीत दोरीवर टाकून फोटो काढले, जेवणं उरकून रात्री नऊनंतर गुरुवारचा पिवळा चढवायला बसले आणि चक्र फिरतंय ते फिरतंयच. मला वाटलं आमचंच नेट गेलं. राउटर तीनदा बंद-चालू केला, मग नवऱ्यावर चिडले की बिल भरलं नसणार. व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला विचारावं तर तेही बंद. पहाटेपर्यंत सगळ्या जगाचं इन्स्टा-व्हॉट्सअ‍ॅप बंद होतं हे सकाळी कळलं. नवऱ्याने अजून माफ केलेलं नाही.

पण त्या रात्री मी जुनी वही काढली. त्यात फक्त बेचाळीस नंबर होते. बाकी गिऱ्हाइकं सगळी त्या अ‍ॅपातच, माझ्याकडे नाव ना नंबर. सकाळी फोन लावत बसले, सहा साड्या फोनवर गेल्या. तेव्हापासून साडी घेतली की नंबर वहीत. वहीला पासवर्ड लागत नाही.

बोरकूट
रवा_बेसन ताई, चकली मऊ का पडते? धाग्याचा विषय नाही माहितीये.

निवृत्त_पण_जागा
मी ग्राहकाच्या नवऱ्याच्या, म्हणजे विक्रेतीच्या नवऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे बारा वर्षं गरम जेवण नाही. पोळी फुगली की "थांबा, हात लावू नका." मी ताटासमोर हात बांधून बसतो, देवाला नैवेद्य दाखवावा तसा फोनला दाखवला जातो. केकच्या ऑर्डरी मात्र जोरात आहेत, त्यामुळे तक्रार मागे घेतो.

सुईदोरा
काका 😂

पेढेघाट
माझा अनुभव चोरीचा. खवा घरी आटवून पेढे करते. एक दिवस मावसबहिणीने लिंक पाठवली, "नवीन पेज काढलंस का?" पेज माझं नव्हतं. पेढ्यांचा फोटो माझा, फोन नंबर भलत्याचा, आणि "आगाऊ पैसे पाठवा". मी खाली लिहिलं फोटो माझा आहे. उत्तर आलं, पुरावा काय?

पुरावा ताटावरच होता! स्टीलचं ताट, काठावर कोरलेलं, "मुंजीनिमित्त मामाकडून, १२-५-८८". फोटो मोठा केला की स्वच्छ वाचता येतं. मी तेच ताट हातात धरून, आजचा पेपर बाजूला ठेवून फोटो टाकला. भाऊ खाली लिहून मोकळा, "ते माझ्या मुंजीतलं ताट आहे, परत दे." दुपारपर्यंत ते पेज गायब. ताट अजून माझ्याकडेच आहे.

पांढरा_रस्सा
@पेढेघाट भारी! आमच्याकडे पण भांड्यांवरची नावं वाचत जेवायचो. अर्ध्या वाट्या शेजाऱ्यांच्या निघायच्या.

पेढेघाट
@पांढरा_रस्सा आणि आपल्या अर्ध्या त्यांच्याकडे.

अंगठा_पट्टा
कोल्हापुरी चपला. घरचं काम, मी फोटो आणि पत्रव्यवहार बघतो. मापाचा घोळ सांगतो. नंबर आठ, नऊ सांगून उपयोग नाही, आमच्या फर्म्यात आणि बुटाच्या नंबरात फरक पडतो. म्हणून कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारून फोटो पाठवा म्हणतो. लोक बसून काढतात. बसून पाय आखूड येतो, उभं राहिलं की पसरतो. आणि फोटो तिरका. आता नियम केलाय: उभं राहा, रेघ दुसऱ्याने मारावी, शेजारी पट्टी ठेवा. पट्टीशिवाय कागदावरून मला काय कळणार, पाय पोराचा की पैलवानाचा?

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि गदारोळ झाला, तेव्हा आठ दिवस नुसता मेसेजांचा पाऊस. "तीच आहे का?", "त्याच कंपनीला तुम्ही देता का?" आमच्या चपलेला २०१९ पासून जीआय आहे हे टाइप करून अंगठा दुखला. ऑर्डरी किती? चार. त्यातली एक बदलून मागितली, करकर वाजत नाही म्हणून.

साता_समुद्रापार
मी बोस्टनजवळ असते, विकत काही नाही, घेते. वाजत नाही म्हणून परत, हे अगदी माझ्या सासऱ्यांनी केलं असतं. (ते तुम्हीच होता का हो बाबा?)

बोरकूट
चकली...

रुखवत_ताई
इन्स्टापेक्षा मला पिंटरेस्टने दिलं, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इन्स्टावरचा फोटो दोन दिवसांत खाली जातो. पिंटरेस्टवर लोक शोधत येतात, ‘रुखवत कल्पना’ टाकून, त्यामुळे जुनाही वर येतो. २०१७ साली सुपारीचे भटजी-नवरानवरी टाकले होते. मुंडावळ्या जरीच्या दोऱ्याच्या, भटजींना कापसाची शेंडी. गेल्या मार्गशीर्षात सांगलीहून एक आई-मुलगी आल्या, फोन पुढे केला, "अगदी असंच करता येईल का? जमेल ना तुम्हाला?" फोटो माझाच! भटजींची शेंडी वाकडी लागली होती त्या वेळी, त्यावरून ओळखलं. मी काही बोलले नाही. म्हटलं, बघते प्रयत्न करून.

शेंडी या खेपेला सरळ केली तर मुलगी म्हणाली, फोटोत वाकडी आहे.

चहाटळ
😂😂 परत वाकडी केली ना?

रुखवत_ताई
केली.

काठपदर
नवीन मुलींना एक सांगते, पैसे यायच्या वेळी क्यूआर स्कॅन करायला सांगितलं की समोरचा लबाड समजा. घेताना स्कॅन करावं लागत नाही, पिन तर नाहीच. आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही. खातं बघून मगच पार्सल. माझी एक इरकल अशीच गेली, पाठवलेला पत्ता खरा होता, माणूस नव्हता.

सुईदोरा
अगं! किती दिवस झाले?

काठपदर
दोन वर्षं. काळी-लाल. स्वतःसाठी ठेवणार होते.

सुईदोरा
नको आठवूस. येत्या महिन्यात इलकलकडे, इरकलच्या गावी, जाणार आहे, तशीच दिसली तर फोटो टाकते तुला.

रवा_बेसन
आले. काय धागा पळालाय! @पेढेघाट ताट सांभाळा, आणि भावाला देऊ नका.
@बोरकूट चकली मऊ पडते ती बहुतेक मोहन (पिठात घालतो ते गरम तेल) जास्त झाल्यामुळे, किंवा मोठ्या आचेवर तळल्यामुळे. बुडबुडे थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवायची, घाई करायची नाही. तयार भाजणी हवी असेल तर माझ्याकडे आहे, आत्ताच दळून आणली, अजून गरम आहे.

बोरकूट
धन्यवाद ताई! भाजणी पीपी?