दार फुगतं तो प्रसंग

‘भूत एकदाही दिसत नाही, मग घाबरायचं कशाला?’ हा १९६३ च्या ‘द हाँटिंग’ या भयपटावरचा आक्षेप मला अर्धाच पटला. सिनेमा सुरुवातीला रखडतो आणि नायिका एलेनॉरचं मनातल्या मनात बोलणं अती होतं, हे कबूल. पण भूत न दाखवणं ही कंजुषी नव्हे. या सिनेमाचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइजची दिग्दर्शनाची सुरुवातच निर्माता व्हॅल ल्यूटनच्या कमी बजेटच्या भयपटांतून झाली होती, तिथे सावल्या आणि आवाज यांच्यावरच सगळं निभवायचं असे. १९९९ च्या रिमेकमध्ये कॉम्प्युटरवरची भुतं मनसोक्त नाचवली, तरी त्यातलं आज काय लक्षात आहे कुणाच्या?

१९६३ च्या सिनेमातलं ते झपाटलेलं घर वाकडंतिकडं, अंगावर आल्यासारखं दिसतं, त्यामागची गंमत सांगतो. वाइजला पॅनाव्हिजन या लेन्स बनवणाऱ्या कंपनीची ३० मिमीची वाइड अँगल लेन्स हवी होती. ती अजून तयार नव्हती, चित्र वेडंवाकडं यायचं. त्याला तेच हवं होतं! शेवटी ‘लेन्स सदोष आहे हे मला माहीत आहे’ असं त्याच्याकडून लिहून घेऊन मगच कंपनीने ती दिली. आणि सिनेमातलं ते श्वास घेतल्यासारखं फुगणारं दार म्हणजे लाकडाचे थर चिकटवून केलेलं दार, पलीकडून एक माणूस ते रेटत होता, बस्स. हे वाचल्यावर मी तो प्रसंग पुन्हा पाहिला, रात्री, हेडफोन लावून. तो रेटणारा माणूस डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. नाही जमलं, मधेच उठून दिवा लावला.