दहशतवाद्यांचा म्होरक्या मारला गेला तर आनंद करायचा का? नववीच्या वर्गाला काय सांगू?

इतिहासाच्या_बाई

नमस्कार. नाशिकला सिडकोतल्या एका शाळेत मी नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. नववीच्या राज्यशास्त्रात ‘आंतरराष्ट्रीय समस्या’ हा धडा आहे, त्यात दहशतवाद येतो. पुस्तकात विषय थोडक्यात उरकलाय, पण वर्ग नेमका तिथेच पेटतो.

यंदा मी अमेरिकेच्या कमांडोंनी ओसामा बिन लादेनला पाकिस्तानात मारलं तो दिवस सांगायला घेतला. २ मे २०११, सोमवार. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून गेले होते, वॉशिंग्टनमध्ये अजून रविवारची रात्र होती. ओबामा टीव्हीवर आले आणि न्याय झाला असं म्हणाले. व्हाइट हाउससमोर झेंडे घेऊन गर्दी जमली, त्यात कॉलेजची पोरंच जास्त. न्यूयॉर्कमध्ये मनोरे पडले त्या जागीही लोक रात्रभर येत राहिले. एवढं सांगून होतंय तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आपल्याकडे फटाके वाजवले होते का?” दुसरा म्हणाला, “पहलगामवाले ऑपरेशन महादेवमध्ये मारले तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीने स्टेटस ठेवले होते.” पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “पण बाई, कुणी मेल्यावर नाचायचं का?” मग जो गोंधळ सुरू झाला तो तास संपेपर्यंत. सोमवारी पुढे बोलू, असं मी त्यांना सांगितलंय.

देशोदेशीच्या प्रतिक्रिया माझ्याकडे काढून ठेवल्या आहेत. पाकिस्तानचे पंतप्रधान गिलानी यांनी पहिल्या दिवशी याला मोठा विजय म्हटलं, आणि १४ मे रोजी त्यांच्याच संसदेने ही कारवाई म्हणजे सार्वभौमत्वाचा भंग आहे म्हणून निषेधाचा ठराव केला. आपले तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम यांनी त्याच दिवशी बोट ठेवलं ते पाकिस्तानात दहशतवाद्यांना आसरा मिळतो यावर, आणि २६/११ च्या सूत्रधारांची आठवण करून दिली. व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी सांगितलं की कुणाच्याही मरणाचा आनंद ख्रिस्ती माणूस करत नाही. जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल यांनी उघडपणे आनंद झाल्याचं सांगितलं, तर त्यांच्यावर घरातूनच टीका झाली, अगदी त्यांच्या पक्षातल्या लोकांनीही सुनावलं. गाझात हमासच्या हनिया यांनी हत्येचा निषेध केला, तर पॅलेस्टिनी प्राधिकरणाने स्वागत केलं.

माझं मत सांगते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना त्या दिवशी बरं वाटलं असेल, तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण रस्त्यावरचा जल्लोष मला पटत नाही. आणि पुढारी जे बोलतात ते आपापल्या घरच्या लोकांना उद्देशून बोलतात, हे मुलांना दिसायला हवं. पण एवढ्यावर तास थांबवणं मला अपुरं वाटतं. फौजेतले, पोलीस खात्यातले, या सगळ्याची झळ बसलेले कुणी इथे असतील तर कृपया लिहा. मुलांपुढे काय ठेवू?

---

पंचवटीने_अपडाउन

बाई, मला तुमचा प्रश्नच कळला नाही. निरपराध लोकांना मारणारा मेला. पेढे वाटा. यात मुलांना संभ्रमात कशाला टाकायचं?

मी रोज मुंबईला ये-जा करणारा माणूस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर जे मेले ते कोण होते? गावाला निघालेली माणसं, पोतडी-पिशव्या घेऊन बाहेरगावच्या गाड्यांची वाट बघत बसलेली. त्यांना साधी पळायला जागा मिळाली नाही. त्या फलाटावर मी आजही उतरतो. कसाबला फाशी दिली तेव्हा मला आनंद झाला आणि तो मी लपवणार नाही. ज्या दिवशी तो कट शिजवणारे टिपले जातील त्या दिवशी आमच्या डब्यात पेढे असतील. शाळेत मुलांना शत्रू कोण हे स्पष्ट सांगा, एवढंच.

---

तोपची_देवळाली

जय हिंद बाई. तोपखान्यात नोकरी झाली, आता देवळाली कॅम्पलाच घर केलंय. पंचवटीवाल्या भाऊंचा राग मला समजतो. पण एक-दोन गोष्टी फौजेतल्या माणसाकडून ऐका.

व्हाइट हाउससमोर नाचणाऱ्या पोरांना मी दोष देणार नाही. हिशेब करा. ११ सप्टेंबर २००१ ला ती दहा-अकरा वर्षांची असतील. त्या एका चेहऱ्याच्या धास्तीत त्यांचं सगळं लहानपण गेलं. शिवाय त्यांच्यातल्या कित्येकांचे भाऊ, मित्र अफगाणिस्तानात, इराकमध्ये लढत होते. त्यांना वाटलं असेल, आता आपली माणसं घरी येणार. तशी ती आली नाहीत, अमेरिकेची फौज अफगाणिस्तानातून निघायला ऑगस्ट २०२१ उजाडलं, पण त्या रात्री हे कुणाला माहीत होतं?

दुसरं. मोहिमेवरच्या माणसाच्या मनात त्या घटकेला आनंद नसतो. लादेन लपला होता त्या ॲबटाबादच्या घरी उतरतानाच कमांडोंचं एक हेलिकॉप्टर आवाराच्या आत आदळलं. ते तिथेच उडवून द्यावं लागलं. सुमारे चाळीस मिनिटांचं काम, परक्या देशात, पाकिस्तानी लष्करी अकादमीच्या अगदी जवळ. अशा वेळी डोक्यात एकच असतं, आपली माणसं परत न्यायची. ती सगळी परत आली. मला विचाराल तर आनंद करायचा तर तो याचा करावा.

तिसरं, आणि हे वर्गात जरूर सांगा. कारगिलच्या वेळी पाकिस्तानने स्वतःच्याच बऱ्याच सैनिकांची प्रेतं ओळखायला, घ्यायला नकार दिला. त्यांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. ज्यांनी आदल्या रात्री आपल्या दोस्तावर गोळी झाडली त्यांच्यासाठी, त्या उंचीवर, त्या थंडीत खड्डे खणले. कुणी सक्तीने करायला लावलं म्हणून हे होत नाही, फौजेची रीतच ती आहे. लादेनलासुद्धा अमेरिकेने कार्ल विन्सन या जहाजावर धार्मिक विधी करून समुद्रात सोडलं. जमिनीवर कबर नको, नाहीतर उद्या तिथे जत्रा भरेल, हा हिशेब त्यात होताच. पण विटंबना केली नाही. प्रेताचे फोटोही ओबामांनी बाहेर येऊ दिले नाहीत. आता याच्यासमोर ऑक्टोबर २०१९ ठेवा. आयसिसचा म्होरक्या बगदादी मेला तेव्हा ट्रम्प यांनी तो कुत्र्याच्या मौतीने मेला, रडत-ओरडत मेला, असं साऱ्या जगासमोर सांगितलं. देश तोच, शत्रू त्याच जातीचा, पण दोन भाषणं किती वेगळी. मुलांना दोन्ही वाचून दाखवा. आमच्या कमांडिंग ऑफिसरच्या तोंडी पहिलं भाषण शोभलं असतं, दुसरं नाही.

---

इतिहासाच्या_बाई

काका, कारगिलची गोष्ट फार मोलाची आहे, ती सांगणारच.

पंचवटीवाले दादा, तुमचा राग खोटा आहे असं मी कुठेच म्हटलं नाही. पण तुम्ही कसाबचं नाव काढलंत म्हणून लिहिते. तो जिवंत सापडला तो तुकाराम ओंबळे यांच्यामुळे. त्यांनी त्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या घेतल्या. कसाब जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला. मे २०१० मध्ये निकाल लागला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती झाली. ते दहा जण कुठून आले, कुणी शिकवलं, फोनवरून हुकूम कोण सोडत होतं, हे सगळं पुराव्यानिशी कोर्टाच्या कागदावर आलं. लादेन मेला आणि त्याच्याबरोबर किती उत्तरं गेली! ९/११ चा कट आखला म्हणून ज्याच्यावर आरोप आहे तो खालिद शेख मोहम्मद २००३ पासून अमेरिकेच्या कैदेत आहे. लादेनला मारून इतकी वर्षं झाली तरी त्याच्या खटल्याचा निकाल नाही. मग न्यूयॉर्कच्या त्या घरांना काय मिळालं, हे मुलांना विचारायला नको का?

---

मोसमकाठ

बाई, मी मालेगावचा. तुमच्या शेवटच्या ओळीवरून लिहावंसं वाटलं.

आमच्या गावात ८ सप्टेंबर २००६ ला स्फोट झाले. शुक्रवार होता आणि शब-ए-बारातही. बड्या कब्रस्तानात हमीदिया मशिदीजवळ लोक नमाज आटोपून बाहेर पडत होते. दारात फकिरांची रांग असते, तिथे लहान पोरं घुटमळत असतात, सुटे पैसे वाटायला आणि घ्यायला. मरणाऱ्यांत पोरं होती. मग २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात, रमजानमध्ये, रात्री. सहा जण गेले.

पहिल्या प्रकरणात आमच्याच गावातली मुसलमान माणसं धरली. काही वर्षं तुरुंगात गेली, आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. दुसऱ्या प्रकरणात ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मी कुठल्याच बाजूचं राजकारण इथे मांडत नाही. सांगायचंय ते एवढंच की ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडी मी “अमक्याला उडवा” असं ऐकलेलं नाही. ते विचारतात, मग बॉम्ब ठेवला कुणी? त्या चौकातल्या म्हाताऱ्यांना कुणी येऊन सांगितलं की ज्याने केलं तो कुठेतरी चकमकीत मेला, तर ते पहिल्यांदा विचारतील, तोच होता कशावरून?

लादेनच्या बाबतीत तो कोण हा प्रश्न नव्हता, त्याने स्वतःच कबुली दिली होती. म्हणून तिथे लोकांना हायसं वाटलं असेल. पण मुलांना एवढं सांगा की सगळ्यांच्या नशिबी इतका उघड गुन्हेगार येत नाही. आणि आणखी एक विनंती, मालेगावकर म्हणून. असा कुणी मारला गेला की दुसऱ्या दिवशी कामावर, कॉलेजात आमच्याकडे लोक बघतात. हा खूश दिसतोय का, हा गप्प का, असं. तुमच्या वर्गातही अशी मुलं असतील. त्यांना उभं करून “तुला काय वाटतं?” असं विचारू नका. सगळ्यांना विचाराल तेव्हा तीही बोलतील.

---

इतिहासाच्या_बाई

दादा, हे मनापासून लक्षात ठेवीन. कुणालाही उभं करून विचारणार नाही. सगळ्यांकडून निनावी चिठ्ठ्या लिहून घेईन.

---

लसीकरण_सिस्टर

मी आरोग्य खात्यात आहे, नाशिक जिल्ह्यातच. ज्या बाजूचं इथे कुणी बोललं नाही ती मांडते, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

लादेनच्या घरात नक्की कोण राहतं हे कळावं म्हणून अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने ॲबटाबादमध्ये एका डॉक्टरमार्फत कावीळ-बच्या लसीची मोहीम काढली. हेतू होता त्या घरातल्या मुलांचं रक्त मिळवण्याचा. हे जुलै २०११ मध्ये बाहेर फुटलं. पुढे वझिरिस्तानात तालिबानच्या कमांडरांनी पोलिओचे डोसच बंद करून टाकले. डिसेंबर २०१२ मध्ये कराची आणि पेशावर भागात डोस पाजणाऱ्या बायांना गोळ्या घातल्या. त्या माझ्यासारख्याच. खांद्याला निळा डबा, हातात खडू. संशय तिथे आधीही होता, पण या प्रकाराने त्याला पुरावा मिळाला.

आता तारखा बघा. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, म्हणजे लादेन मारला गेला त्याच वर्षी. मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच २०१४ मध्ये पाकिस्तानात ३०६ मुलं पोलिओने लुळी झाली. त्या मे महिन्यात व्हाइट हाउसने लिहून दिलं की गुप्तहेर संस्था यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही.

आमच्याकडे बूथचा रविवार झाला की पुढचे दिवस घरोघरी फिरायचं. मूल बाहेर आलं की आधी डाव्या करंगळीवरची शाई बघायची, मग दारावर खडूने खूण. एखाद्या दारात आजी आडवी उभी राहते, “तुमच्या थेंबांत काय असतं कोण जाणे.” तिला पटवायला एकेक तास जातो. तिचा विश्वास हीच आमची सगळी पुंजी. ती पुंजी कुणी एका माणसाला शोधण्यासाठी उधळली तर मला राग येतो, मग तो माणूस कितीही मोठा खुनी असो. जल्लोष करणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमच्या मुलांना माहीत असू द्या.

---

पंचवटीने_अपडाउन

सिस्टर, हे मला खरंच माहीत नव्हतं. पेढ्यांबद्दलचं माझं मत तेच आहे. पण बाई, हे मुलांना सांगा.

---

इतिहासाच्या_बाई

सगळ्यांचे आभार. सोमवारचा तास असा घेणार आहे: आधी चिठ्ठ्या. मग ओबामा आणि ट्रम्प यांची भाषणं शेजारी शेजारी. मग फळ्यावर गिलानींचं पहिल्या दिवसाचं वाक्य आणि त्याखाली १४ मेचा ठराव, आणि प्रश्न: दोन आठवड्यांत काय बदललं? माझ्या मते तिकडचे लोक विचारायला लागले होते की हा माणूस लष्कराच्या नाकाखाली इतकी वर्षं राहिलाच कसा. तो प्रश्न सरकारला नको होता, सार्वभौमत्वाचा मुद्दा सोयीचा होता. ॲबटाबादची चौकशी करायला त्यांनी आयोग नेमला, त्याचा अहवाल सरकारने छापलाच नाही, २०१३ मध्ये तो फुटून बाहेर आला. मुलं स्वतः कुठपर्यंत पोचतात ते बघते, माझं मत शेवटी सांगेन.

सिस्टर, तुम्ही आमच्या शाळेत अर्धा तास याल का? ती खडूची खूण मुलांना फळ्यावर काढून दाखवाल का? मेसेज करते तुम्हाला.